साठवलेलं ऊन

रोडिओच्या मैदानावर यंदा घोडे नाहीत.
बैलांच्या कठड्यांवर बूट वाळताहेत,
पंचांच्या मचाणावर रेडिओचा खांब,
आणि तिकीटखिडकीमागे माझा ट्रेलर :
वर चोवीस पॅनेल, पोटात बॅटऱ्या,
शेपटाला एक लहानसं डिझेल इंजिन,
लागलंच तर.

पहिल्या रात्री डोझरवाला ऑर्विल टिंगस्टॅड
तंबूतून उठून आला, अनवाणी, चिडलेला.
"एवढं शांत का? काय बंद पडलंय?"
तीस उन्हाळे तो जनरेटरच्या घरघरीला टेकून झोपलेला.
म्हटलं, सगळं चालू आहे.
बर्फाची पेटी, नकाशे छापायचं यंत्र,
तुझं श्वासाचं मशीनसुद्धा.
त्याने बराच वेळ कान दिला.
जुनिपरच्या रानातून कोल्हेकुई आली,
एक, मग पाचसहा.
"हे रोज असायचं? त्या आवाजाखाली?"
आणि उत्तरासाठी थांबला नाही.

माझं काम साधं. दिवसातून तीनदा शिडी,
ओलं फडकं, पॅनेलवरची राख.
राखेकडे निरखून बघू नये, हे शिकले आहे.
तरी कधी एखादं पान येतं अख्खं,
काळं, शिरांसकट,
बोट लागलं की नाही.
परवा कागदाचा कपटा आला.
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला.
त्यावर "दोन चमचे" एवढंच.

पाचव्या दिवशी धूर खोऱ्यात बसला तो उठेना.
दुपारी दोनचा सूर्य म्हणजे
बशीत उरलेला जर्दाळू.
नुसत्या डोळ्यांनी बघता येत होतं त्याच्याकडे.
पॅनेलचा आकडा शंभराचा चौदा.
जी विझवायला आलो
तिनेच आमच्या उन्हावर झाकण घातलं.
डिझेलचा टँकर घाटापलीकडे अडकलेला,
टाकीत होतं ते तीन तासांचं.

मग वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब.
दिवे काढले.
कॉफीचं मशीन काढलं, शिव्या खाल्ल्या.
साहेबांच्या खोलीतला एसी काढला, विचारलं नाही.
इन्सुलिनचा फ्रिज ठेवला. रेडिओ ठेवला.
आणि फोनांचं टेबल.

हे टेबल कुठल्याच यादीत नव्हतं.
एकशे बारा फोन, पाठीवर टेप, टेपवर नाव.
माणसं वर कड्यावर, तिथे रेंज नाही.
फोन इथे, एकमेकांना खेटून,
रवंथ करणाऱ्या गुरांसारखे.
मधूनच एखादा थरथरत कडेपर्यंत जातो,
मी त्याला आत सरकवते.

एलेउतेरिओचा त्या रात्री नऊ वेळा.
काचेवर नाव उमटायचं : अमा.
उचलायचा नाही, असा नियम आहे.
दहाव्यांदा उचलला.
माझी स्पॅनिश चार शब्दांची :
ठीक आहे. वर. सकाळी. हो.
पलीकडे नुसता श्वास.
मग त्या बाईने विचारलं,
जेवला का?

ते मला ठाऊक नव्हतं.
मी हो म्हटलं.

पहाटे बॅटरी सात टक्क्यांवर आली
आणि इंजिन आपोआप खोकून सुरू झालं.
तंबूत ऑर्विल कूस बदलून घोरू लागला,
मुक्कामात पहिल्यांदाच.

साडेसहाला बस आली.
माणसं उतरली, कुणी कुणाशी बोलेना.
एकाने नळ सोडला आणि मान खाली घालून
नुसताच उभा राहिला पाण्याखाली.
एलेउतेरिओ टेबलापाशी आला,
एक भुवई जळालेली, हात पुढे.
विचारलं, काही खाल्लंस?
तो आठवू लागला.
आठवायला फार वेळ लागला त्याला.

फोन मी पाठीमागे धरला.
शंभर टक्के भरलेला, कोमट.
स्वयंपाकाच्या तंबूकडे बोट केलं.
आधी तिकडे.